पायकॉन इंडियात टॉक द्यायचाय? आधी विषय बारीक करा

पायकॉन इंडिया म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची भारतात दरवर्षी भरणारी कॉन्फरन्स. तिथल्या टॉकसाठी प्रपोजलं मागवायला सुरुवात झाली की ऑफिसात आणि मीटअपला एक प्रश्न हमखास येतो: "ताई, मलाही बोलायचंय, पण विषय कुठला घेऊ?" विचारणाऱ्याच्या डोक्यात तीन-चार विषय आधीच घोळत असतात. असिंक, मशीन लर्निंग, पायथॉनचं गिल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप), मायक्रोसर्व्हिसेस. सगळे भारदस्त, आणि सगळ्यांवर आधीच कोणीतरी उत्तम बोलून गेलेलं. या लेखात मी माझी पद्धत सांगते, विषय शोधण्यापासून ते टॉक झाल्यानंतरच्या कामापर्यंत. मी पुण्यात बॅकएंडचं काम करते. पतसंस्था आणि ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं शोधण्याचा भाग माझ्याकडे असतो. टॉक दिलेत, आणि परीक्षक म्हणून इतरांची प्रपोजलंही वाचली आहेत. त्यावरून माझं ठाम मत झालंय की टॉक फसण्याचं कारण बोलण्यात क्वचितच असतं. विषय ऐसपैस घेतलेला असतो, तिथेच घोळ होतो.

आधी थोडं कॉन्फरन्सविषयी, कारण कोणापुढे बोलायचंय ते माहीत हवं. पहिली पायकॉन इंडिया २००९ साली बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत झाली. २०११ साली ती आपल्या पुण्यात, सिम्बायोसिसच्या विश्वभवनात भरली आणि मुख्य भाषणाला पायथॉन घडवणाऱ्यांपैकी एक, रेमंड हेटिंगर आले होते. पुढे दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी ती फिरत राहिली; २०२० आणि २०२१ साली ऑनलाइन झाली. पाठीशी पायथॉन सॉफ्टवेअर सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था असते, पण कामाचा भार स्वयंसेवक उचलतात, आपापल्या नोकऱ्या सांभाळून. प्रपोजलं वाचणारेही तेच. समोर बसणाऱ्यांत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी असते आणि पायथॉन २ च्या काळापासून कोड लिहिणारे गृहस्थही असतात. हे दोघं तुमच्या टॉकमधून काय घेऊन जातील, याचा विचार पहिल्या दिवसापासून करायचा.

विषय कुठे मिळतो

गेल्या वर्षभरात तुम्हाला छळलेला एखादा प्रश्न आठवा. ज्याचं उत्तर एका जागी मिळालं नाही, चार ठिकाणांहून तुकडे गोळा करावे लागले, आणि सुटल्यावर वाटलं, "हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं." तोच तुमचा टॉक. तो फारच किरकोळ वाटत असेल, तर बहुधा योग्य आकाराचा आहे.

माझं उदाहरण देते. एका पतसंस्थेच्या काउंटरवरच्या बाईंनी 'कुऱ्हाडे' असं आडनाव टाकून सभासद शोधला, आणि पडद्यावर आलं, 'नोंद सापडली नाही'. सभासद समोर उभा, पासबुक हातात, पासबुकावर नाव छापलेलं. बाईंनी टाकलेलं नाव आणि डेटाबेसमधलं नाव मी शेजारी शेजारी ठेवलं. दिसायला तंतोतंत सारखी. पायथॉनला विचारलं, दोन्ही समान आहेत का? उत्तर आलं, फॉल्स. लांबी मोजली, तर एकाची ८ आणि दुसऱ्याची ९.

मग दोन्ही नावं अक्षर-अक्षर उलगडली. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक आणि नाव देणारं मानक. पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीत युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल आहे; त्यातलं नेम फंक्शन प्रत्येक चिन्हाचं अधिकृत नाव सांगतं. एका 'कुऱ्हाडे'मध्ये होतं क, उकार, नुक्तावालं ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा. दुसऱ्यात क, उकार, साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह, आणि पुढे तसंच. नोंद करणाऱ्याचा कळफलक एक, शोधणाऱ्या बाईंचा दुसरा. दोघांनीही बरोबरच टाइप केलं होतं. गोऱ्हे, बऱ्हाटे, वऱ्हाडपांडे, सगळ्यांची हीच कथा होणार हे उघड होतं.

झाला टॉक. 'पायथॉन आणि युनिकोड' एवढा अवाढव्य विषय नको. 'दिसायला एक, पण जुळत नाही: देवनागरी नावं शोधताना' एवढंच पुरे. हा टॉक बंगाली किंवा कन्नड नावं हाताळणाऱ्यालाही उपयोगी आहे, कारण त्यांच्याकडे चिन्हं वेगळी असली तरी दुखणं तेच आहे. बारीक विषयाचा हा मोठा फायदा. तो खोलवर नेता येतो, आणि ऐकणारा आपला प्रश्न त्याला आपोआप जोडून घेतो.

विषय ठरला की एका वाक्यात लिहा: टॉक ऐकून उठलेला माणूस सोमवारी ऑफिसात जाऊन काय वेगळं करेल? माझं वाक्य होतं, "तो नाव साठवताना आणि शोधताना एकच साफसफाईचं फंक्शन वापरेल, आणि दाखवायचं नाव वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं ठेवेल." असं वाक्य जमत नसेल तर प्रपोजल लिहायला बसू नका, विषय अजून पिकलेला नाही. "श्रोत्यांना अमुकची ओळख होईल" हे वाक्य धरू नका. ओळख करून द्यायला डॉक्युमेंटेशन आहे.

प्रपोजल

बरीच वर्षं पायकॉन इंडियाची प्रपोजलं जंक्शन नावाच्या सॉफ्टवेअरवर घेतली गेली. ते पायथॉन समाजानेच जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं आहे आणि मुक्त स्रोत आहे. तिथे प्रपोजल सगळ्यांना दिसायचं, त्यावर लोक मत द्यायचे, प्रतिक्रिया लिहायचे. अर्जाची व्यवस्था बदलू शकते, म्हणून त्या त्या वर्षीचे नियम, मुदत आणि टॉकचा वेळ नीट वाचून घ्या. रकाने मात्र सगळीकडे साधारण सारखेच: शीर्षक, वर्णन, श्रोत्यांना आधी काय यायला हवं, पातळी, स्लाइड किंवा कोडचा दुवा, तुमची माहिती, आणि बऱ्याचदा एक छोटा व्हिडिओ.

परीक्षकाचं वाचन कसं होतं ते सांगते. रात्री जेवणं उरकल्यावर, घरची कामं झाल्यावर, ढिगातलं एकेक उघडायचं. वर्णनाच्या पहिल्या तीन ओळींत प्रश्न कळला नाही, तर पुढचं वाचताना मन आधीच साशंक झालेलं असतं. त्यामुळे "पायथॉन ही आज जगातली एक लोकप्रिय भाषा आहे" ही सुरुवात कृपा करून नको. पायकॉनच्या परीक्षकाला ते माहीत आहे. माझ्या प्रपोजलची सुरुवात थेट होती: दोन स्ट्रिंग पडद्यावर सारख्या दिसतात, पायथॉन म्हणतं त्या वेगळ्या आहेत, आणि एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एका ठरलेल्या रूपात आणणं) केलं तरी वेगळ्याच राहतात, का, आणि मग करायचं काय?

यानंतर मिनिटांचा आराखडा द्या. परीक्षकाचा विश्वास बसतो तो इथे. माझा असा होता. पहिली तीन मिनिटं काउंटरवरचा प्रसंग आणि फॉल्स. पुढची पाच मिनिटं स्ट्रिंगच्या आत काय असतं: कोडपॉइंट (चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक) म्हणजे काय, युटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट का लागतात, आणि म्हणून एक 'कुऱ्हाडे' २४ बाइटांचा तर दुसरा २७ चा कसा. मग सहा मिनिटं एनएफसी काय जुळवतं आणि काय जुळवत नाही. पुढची पाच स्वतःचं फंक्शन लिहिण्यावर, नंतरची तीन त्या फंक्शनचे धोके सांगायला, आणि शेवटची दोन मिनिटं काय लक्षात ठेवायचं ते आणि कोडचा दुवा. एकूण २४ मिनिटं. स्लॉट अर्ध्या तासाचा असेल तर प्रश्नांना आणि माईक लावण्यात जाणाऱ्या वेळेला जागा उरते.

"श्रोत्यांना आधी काय यायला हवं" या रकान्यात 'काही नाही' लिहायचा मोह होतो, जास्त लोक येतील म्हणून. खरं लिहा. मी लिहिलं होतं, पायथॉनमध्ये स्ट्रिंग आणि लूप वापरता यायला हवेत, युनिकोडची माहिती नसली तरी चालेल. दुसऱ्या वर्षाची ती मुलगी हे वाचून निर्धास्त येते, आणि वीस वर्षांच्या अनुभवी माणसालाही कळतं की पहिली आठ मिनिटं त्याच्यासाठी उजळणी आहे.

कंपनीच्या उत्पादनावर आधारलेलं प्रपोजल असेल तर उत्पादनाचं नाव वर्णनातून काढून पाहा. टॉक तरीही उभा राहतो का? राहत असेल तर पाठवा. राहत नसेल तर ती जाहिरात आहे, आणि परीक्षकांना तिचा वास फार लांबून येतो.

व्हिडिओसाठी स्टुडिओ लागत नाही. मोबाइल टेबलावर टेकवा, खिडकीकडे तोंड करून बसा आणि दोन मिनिटांत प्रश्न काय आहे तेवढं सांगा. विषय सांगताना तुम्ही अडखळता की खुलता, एवढंच आम्हाला बघायचं असतं. उच्चार किंवा इंग्रजीची सफाई मी तरी कधी मोजली नाही. प्रपोजलवर कोणी शंका विचारली तर लवकर आणि सविस्तर उत्तर द्या, आणि शंका रास्त असेल तर वर्णनातच सुधारणा करा.

कापाकापी

प्रपोजल स्वीकारलं गेलं की आनंदाच्या भरात टॉक फुगायला लागतो. माझ्या विषयाला चिकटून एक मोहक उपविषय होता, वर्णक्रम. कोडपॉइंटच्या क्रमाने लावलं तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर यायला हवा, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही पुढे. त्यासाठी पायआयसीयू ही लायब्ररी वापरावी लागते, त्यात भाषेनुसार क्रम लावण्याची सोय आहे. विषय सुंदर, उदाहरणं चटकन पटणारी. तरी सगळा भाग काढून टाकला, कारण माझ्या त्या एका वाक्यात क्रमाचा उल्लेखच नव्हता. काढलेलं वाया जात नाही. मी ते वेगळ्या नोटबुकमध्ये ठेवलं आणि प्रश्नोत्तरांत कामी आलं.

कापून मोकळी झालेली जागा गाभ्याला द्या. माझ्या टॉकचा गाभा म्हणजे एनएफसीची ती सहा मिनिटं. बहुतेकांना वाटतं की नॉर्मलाइज फंक्शन लावलं की काम झालं. म्हणून मी तीन 'कुऱ्हाडे' घेतले: एकसंध ऱ चा, र आणि नुक्ता सुटा टाइप केलेला, आणि जॉइनरवाला. एनएफसी लावल्यावर पहिले दोन जुळतात, कारण ऱ आणि 'र अधिक नुक्ता' हे युनिकोडच्या लेखी एकाच अक्षराचं दोन प्रकारचं लेखन आहे. तिसरा तसाच वेगळा राहतो, कारण जॉइनर हे स्वतंत्र चिन्ह आहे आणि एनएफसी त्याला हात लावत नाही. मग 'ॲप' दाखवलं. एकसंध ॲ वापरला तर लांबी २. अ ला चंद्र जोडून लिहिला तर ३. इथेही एनएफसी काही करत नाही, युनिकोडने या दोघांना समतुल्य मानलेलंच नाही. हे उदाहरण आलं की सभागृहात हालचाल होते, कारण प्रत्येकाला आपल्या सिस्टिममधलं एखादं न सापडलेलं नाव आठवतं. अशी जागा तुमच्या टॉकमध्ये कुठली, ते ओळखा. तिथे घाई करू नका. स्लाइड थांबवा, लोकांना वाचू द्या, मग बोला.

धोक्याचा भागही मी जपला. जॉइनर सरसकट पुसून टाका असा सल्ला सोपा आहे, पण ती अदृश्य चिन्हं जोडाक्षर कसं दिसावं हे ठरवतात. साठवलेल्या नावातूनच ती काढली तर पासबुकावर नाव वेगळं छापलं जाईल. स्वतःचं नाव चुकीचं छापलेलं कोणाला आवडत नाही, आणि ते बरोबर छापणं हे आमचं कामच आहे. म्हणून साफ केलेलं रूप शोधापुरतं वेगळ्या रकान्यात ठेवायचं. तुमच्या उपायाची मर्यादा तुम्ही स्वतः सांगितलीत, तर उरलेल्या टॉकवरही लोक विश्वास ठेवतात.

स्लाइड आणि डेमो

अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. कोड एका स्लाइडवर दहा-बारा ओळींच्या वर नको, आणि ज्या ओळीविषयी बोलताय ती ठळक, बाकीच्या फिकट. सभागृहात दिवे चालू असतात, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरचा रंगीत कोड मागच्या रांगेला धुरकट दिसतो. मी पांढऱ्यावर काळं वापरते. लाल-हिरव्या रंगांनीच चूक-बरोबर दाखवू नका, काहींना तो फरक दिसत नाही.

देवनागरी दाखवणार असाल तर एक खास सूचना. बरेच टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदी देतात, आणि मग वेलांट्या, मात्रा भलतीकडे जातात, जोडाक्षरं तुटतात. लेखनच मोडलेलं दिसलं तर श्रोत्यांना वाटतं, हाच तो बग. म्हणून मी आउटपुट ज्युपिटर नोटबुकमध्ये, ब्राउझरवर दाखवते; तिथे कोडचा एकेक तुकडा (सेल) चालवता येतो. स्लाइडची एक पीडीएफ फॉन्ट आत बसवून पेन ड्राइव्हवर ठेवते. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून दाखवायची वेळ आली तरी ऱ चा ऱ राहतो.

लाइव्ह कोडिंगविषयी माझं मत कडक आहे. २०१९ साली चेन्नईच्या पायकॉन इंडियात पायथॉनचे नावाजलेले लेखक आणि शिक्षक डेव्हिड बीझली यांनी मुख्य भाषणात मंचावर उभं राहून वेबअसेम्ब्लीचा (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बायनरी कोडचा) इंटरप्रिटर लिहीत नेला. ते बघून कोणालाही हुरूप येतो, पण त्यांच्यामागे वर्षानुवर्षं शिकवण्याचा सराव आहे. पहिल्या टॉकमध्ये कोड आधीच लिहून ठेवा आणि मंचावर फक्त सेल चालवा. त्या चालवण्याचंही एक रेकॉर्डिंग जवळ असू द्या. सभागृहातल्या वायफायवर अवलंबून असलेला डेमो घेऊच नका. टाइप करायचंच असेल तर आयोजकांकडे आधीच कॉलर माईक मागा. एका हातात माईक धरून दुसऱ्या हाताने टाइप करताना बोलणं आणि कोड दोन्ही विस्कळीत होतं.

सराव, आणि इंग्रजीची धास्ती

पायकॉन इंडियात बहुतेक टॉक इंग्रजीत होतात, आणि आपल्याकडची कितीतरी हुशार मुलं केवळ या धास्तीने अर्जच करत नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. बार्शीच्या, चंद्रपूरच्या कॉलेजातून आलेल्या मुलांकडे जे प्रश्न आहेत ते बंगळुरूच्या मोठ्या कंपनीत बसलेल्यांना सुचणारही नाहीत.

माझी पद्धत अशी. पहिला सराव मराठीत, घरच्या कोणासमोर तरी. मराठीत सांगताना 'बेसिकली', 'ॲक्च्युअली'चा आधार कमी मिळतो आणि कुठला मुद्दा मलाच नीट कळलेला नाही ते उघडं पडतं. तो मुद्दा आधी दुरुस्त करायचा. मग इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. पहिली दोन मिनिटं मात्र शब्दशः पाठ करा. घसा कोरडा असतो तेव्हा पाठ केलेलं साथ देतं. त्यापुढचं पाठ नको, नाहीतर एक वाक्य विसरलं की सगळी माळ ओघळते. प्रत्येक भागाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं ठरवून ठेवा.

खरा सराव मीटअपमध्ये होतो. पायथॉन पुणे गटाच्या मीटअपला जा. तुमच्या गावाजवळ जो काही गट असेल तिथे जा. नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये दहा जण गोळा करा. तिथे खुशाल मराठीत बोला. बोलताना कोणाला तरी घड्याळ घेऊन मागे बसवा आणि प्रत्येक भाग किती मिनिटांत झाला ते लिहून घ्यायला सांगा. जो भाग सरावात दोनदा लांबला तो मंचावरही लांबणार, तेव्हा आताच छाटा. शिवाय एक भाग असा निवडून ठेवा की वेळ कमी पडला तर तो न सांगताही धागा तुटणार नाही. माझ्याकडे तो बाइटांचा हिशोब होता.

एवढंही अवघड वाटत असेल तर लाइटनिंग टॉकपासून सुरुवात करा. पाच मिनिटं, एक गोष्ट. हे नाव २००० साली पर्ल समाजाच्या याप्सी परिषदेत मार्क जेसन डोमिनस यांनी दिलं, आणि आज जवळजवळ प्रत्येक भाषेच्या कॉन्फरन्समध्ये हा प्रकार असतो. नाव अनेकदा त्या त्या दिवशीच नोंदवायचं असतं, म्हणून चौकशीच्या टेबलावर सकाळी लवकर जा. तीन 'कुऱ्हाडे' आणि एनएफसी, एवढंच पाच मिनिटांत आरामात बसतं.

त्या दिवशी

आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात एकदा लॅपटॉप जोडून बघा. एचडीएमआयचा आणि टाइप-सीचा जोड स्वतःचा न्या. नोटिफिकेशन बंद, स्क्रीनसेव्हर बंद, ब्राउझरमधली नको ती टॅब बंद. मागच्या रांगेत स्वतः जाऊन बसा आणि सगळ्यात बारीक अक्षर वाचता येतं का बघा. आपल्या आधीचा टॉक त्याच सभागृहात बसून ऐका. माईक कसा आहे, सूत्रसंचालक वेळेची पाटी कुठून दाखवतो, ते कळतं.

मंचावर गेल्यावर स्वतःची ओळख एका वाक्यात आटपा. पदवी, कंपनी, अनुभवाची वर्षं सगळं कार्यक्रमपत्रिकेत आहे. थेट प्रश्नावर या.

प्रश्नोत्तरांत विचारलेला प्रश्न माईकवर पुन्हा सांगा. मागच्या रांगेला तो ऐकू आलेला नसतो आणि रेकॉर्डिंगमध्येही येत नाही. उत्तर ठाऊक नसेल तर "मला माहीत नाही, बाहेर भेटू, सोबत शोधू" हे पूर्ण उत्तर आहे. काही जण प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं छोटं भाषण सुरू करतात. त्यांना मान द्या आणि सांगा, "तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, चहाच्या वेळी नक्की बोलू," आणि पुढच्या हाताकडे वळा. आधी एखाद्या मुलीचा किंवा विद्यार्थ्याचा हात वर झालेला दिसला तर मी मुद्दाम त्यांना संधी देते. पहिला प्रश्न त्यांच्याकडून आला की त्यांच्यासारखे इतरही बोलते होतात.

नाही म्हणाले तर

प्रपोजलं जागांच्या मानाने फार येतात. नाकारलेल्यांत चांगलीही असतात: एकाच विषयावर तिघांनी पाठवलेली, किंवा त्या वर्षीच्या आखणीत न बसलेली. कारण विचारा, नम्रपणे विचारल्यावर स्वयंसेवक सहसा सांगतात. मग तोच टॉक मीटअपला द्या, त्याचा व्हिडिओ करा, आलेल्या प्रश्नांवरून आराखडा सुधारा, आणि पुढच्या वर्षी तो व्हिडिओ जोडून पाठवा. परीक्षक म्हणून सांगते, असं परत आलेलं आणि सुधारलेलं प्रपोजल लगेच ओळखू येतं, आणि त्याचं वजन जास्त असतं. पोस्टर, वर्कशॉप हेही मार्ग आहेत. आपला विषय त्यात जास्त शोभतो का बघा.

पैशांचं आधीच स्पष्ट करून घ्या. अशा समाजाने भरवलेल्या कॉन्फरन्समध्ये मानधनाची अपेक्षा धरू नये. तिकीट, प्रवास, राहणं यांपैकी काय मिळतं ते दरवर्षी वेगळं असू शकतं. आर्थिक मदतीची सोय असेल आणि गरज असेल तर बिनदिक्कत अर्ज करा. ती योजना तुमच्यासारख्यांसाठीच असते, आणि तिची मुदत बऱ्याचदा प्रपोजलच्या निकालाच्या आसपासच संपते.

टॉक झाल्यावर

स्लाइड आणि कोड त्याच संध्याकाळी टाका. रेकॉर्डिंग यायला वेळ लागतो, आणि लोकांची उत्सुकता तोवर टिकत नाही. कोडला लायसन्स जोडा, नाहीतर वापरू इच्छिणारा माणूस अडतो. रीडमीमध्ये कुठल्या पायथॉन आवृत्तीवर तपासलंय ते लिहा.

मंचावरून उतरल्यावर लगेच खोलीवर जाऊ नका. खरे प्रश्न कॉरिडॉरमध्ये येतात. मला तिथेच एकाने विचारलं होतं की नावं एक्सेलमधून येतात तेव्हा साफसफाई कुठे करायची, आयात करताना की नंतर? आयात करताना, हे माझं उत्तर, पण तो प्रश्न माझ्या टॉकमध्ये असायला हवा होता इतका मोलाचा होता. तो मी कोडच्या रीडमीमध्ये घातला. डेव्ह स्प्रिंट (एकत्र बसून मुक्त स्रोत प्रकल्पांवर काम करण्याचे दिवस) असतील तर एक दिवस जास्त राहा, आणि टॉकची तयारी करताना ज्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये अडखळला होतात तिथेच सुधारणा पाठवा. विषय तेव्हा तुमच्या डोक्यात अगदी ताजा असतो, एका बैठकीत काम होतं.

व्हिडिओ प्रसिद्ध झाला की शीर्षक आणि तुमचं नाव बरोबर आहे का पाहा, वर्णनात स्लाइडचा दुवा घालायला आयोजकांना सांगा. पुढे पायथॉनची किंवा युनिकोडची नवी आवृत्ती आली आणि तुम्ही सांगितलेलं काही बदललं, तर कोडच्या रीडमीमध्ये तारीख घालून तसं लिहा. व्हिडिओ बघून येणारा माणूस तिथेच पोचतो.